दादूची मेंढी

विश्रामबाग, रविवार संध्याकाळ

त्या चुकार मेंढीचे माझ्यावर उपकार झाले आज. खरंच.

सांगलीच्या संग्रहालयात जिल्ह्यातल्या माणसांच्या फोटोंचं प्रदर्शन लागलंय. त्यात आबांचाही आहे, मेंढी कवेत घेतलेला. म्हणून त्यांना गावाकडून बोलावून दाखवायला नेलं. स्वतःचा एवढा मोठा चेहरा समोर, तो सोडून त्यांनी आधी मेंढीचा कान पाहिला.

"आगं, ही आपली न्हाई! आपल्या मेंढरांच्या कानाला वळखीची एकच चीर आस्ती. हिला दोन हायती. ही दादूची. फोटू काढला त्या दिशी आपल्यात मिसळली आसंल." दादू म्हणजे आबांच्या शेजारीच मेंढरं चारणारा.

फोटोखाली नुसतं 'मेंढपाळ' लिहिलेलं. स्वतःचं नाव नाही, त्याचं आबांना काहीच नाही. तिथल्या बाईंना थांबवून म्हणाले, "दादूचं नाव घाला बाई. न्हाईतर लोकं म्हणतील, दुसऱ्याची मेंढी मिरवतोय."

बाई हसल्या, नवी चिठ्ठी लिहायला बसल्या. "आणि तुमचं नाव?"

तेवढ्यात आमच्या ऑफिसातल्या मॅडम शेजारी येऊन उभ्या राहिल्या. त्यांना मी इतकी वर्षं सांगत आलेय, वडील बागायतदार आहेत. का सांगितलं असेल तसं? आबांना मेंढीच्या कानावरची एक जादा चीर लपवता आली नाही, आणि मी अख्खे आबा लपवले.

त्यांना वाचता येत नाही. चिठ्ठी लागली तशी म्हणाले, "वाच की."

मी मोठ्यानं वाचलं, "बिरू, मेंढपाळ. कवेत दादूची मेंढी." मग चिठ्ठीवर नव्हतं तेही वाचलं, "माझे वडील."