वाळूसाठी निवडलेली चाकं

बाबा, तुमची नात काल सुखरूप उतरली. हे आधी सांगते, म्हणजे पुढचं तुम्ही शांतपणे ऐकाल. तुम्ही तिला पाहिलेलं नाही. तुम्ही गेलात तेव्हा माझं लग्नही झालेलं नव्हतं. आता ती वैमानिक आहे. ज्या मोठ्या विमानांच्या चाकांवर तुम्ही सगळी नोकरी काढलीत, तसली विमानं ती चालवत नाही. केनियाच्या उत्तरेला, जिथे रस्तेच संपतात, तिथे डॉक्टरांची एक लहानशी संस्था आहे. त्यांचं एक छोटं विमान आहे, पुढे दोन मोठी चाकं आणि शेपटीखाली एक चिमुकलं. ते घेऊन ती नर्सला सोडते, आजाऱ्याला आणते. धावपट्टी म्हणजे कोरड्या नदीचं पात्र, नाहीतर गोटे वेचून साफ केलेला माळ. लग्नानंतर मी आणि तुमचे जावई तिथे बरीच वर्षं राहिलो. मी त्याच संस्थेच्या वर्कशॉपमध्ये विमानं दुरुस्त करायचे आणि ही शाळेतून आली की पंखाच्या सावलीत बसून अभ्यास करायची. पुढे आम्ही बोरिवलीला परतलो, मी अंधेरीच्या एका इन्स्टिट्यूटमध्ये विमानाची देखभाल शिकवू लागले. ती उडायला शिकली आणि तिथेच परत गेली. मी अडवलं नाही. अडवायचं तोंड मला नव्हतंच.

पावसाळ्याच्या आधी तिचा फोन आला होता. विमानाचे टायर बदलायचे होते आणि तिला सगळ्यात मोठे हवे होते, जवळजवळ माझ्या कमरेला लागतील असे. "आई, झकास दिसतात गं. दगडावरून असे तरंगत जातात." मी म्हटलं, "दिसायचं काय ते सोड. तुझे ब्रेक तेच राहणार ना? चाक जितकं मोठं तितकी त्याच ब्रेकची पकड कमी. वजन वाढणार, हवेत ओढ वाढणार, पेट्रोल जास्त जाणार. नाक इतकं वर जाईल की जमिनीवर चालवताना समोरचं माणूस दिसणार नाही." ती म्हणाली, "मग काय, आत्ताचेच ठेवू? मागच्या महिन्यात वाळूत रुतले होते मी." शेवटी आम्ही मधला आकार ठरवला. रुंद, मऊ, नक्षी नसलेला गुळगुळीत टायर. बाबा, तुम्ही असला टायर पाहिला असतात तर झिजलाय म्हणून बाजूलाच टाकला असतात. आणि त्यातली हवा ऐकून हसला असतात. स्कूटरच्या चाकापेक्षाही कमी. तुमच्या चाकांना दगडासारखं टणक व्हावं लागायचं, हे चाक उंटाच्या पावलासारखं वाळूवर पसरायला हवं. हवा भरली की झालं असं इथे चालत नाही. कमी भरायची, पण किती कमी, त्यातच सगळं आहे. निवड माझी होती. तिथला इंजिनिअर माझ्याच हाताखाली शिकलेला, तो म्हणाला, "मॅडम म्हणतात तेच मागवू." तेव्हा मला बरं वाटलं होतं. परवा मात्र तेच वाक्य सारखं आठवत राहिलं.

सांताक्रूझला तुमच्या चाकांच्या शॉपमध्ये तुम्ही मला एकदाच नेलंत, कुटुंबांना आत सोडायचे त्या दिवशी. मी सातवी-आठवीत असेन. नवा फ्रॉक घातलाय, आईने वेणीत अबोली माळलीय, आणि तुम्ही प्रत्येकाला सांगताय, "ही आमची मोठी." एका लोखंडी पिंजऱ्यात चाक उभं आहे, त्यात गॅस भरताहेत, बारीक शिट्टीसारखा आवाज येतोय. तो ऐकायला मी पिंजऱ्याच्या अगदी समोर जाऊन उभी राहते. "हयसून बाजूक हो!" तुमचा असा आवाज मी घरी कधी ऐकलेला नाही. दंडाला धरून तुम्ही मला इतक्या जोरात ओढता की माझी चप्पल तिथेच राहते. सगळे बघताहेत. "चाकाच्या फुड्यात कधी उभी रव नको. कधीच नको." परत येताना तुम्ही मला उसाचा रस पाजलात, तरी मी आठवडाभर फुगून बसले होते. तुमच्या शेजारी काम करणाऱ्या काकांचा हात गेला होता तो अशाच एका चाकाची रिम फुटून, आणि त्यांना गाडीत घालून तुम्हीच हॉस्पिटलात नेलं होतं, हे मला आईने सांगितलं तेव्हा तुम्हाला जाऊन दोन वर्षं झाली होती.

त्यामुळे मी विमानाच्या देखभालीचा कोर्स करणार म्हटल्यावर तुम्हाला ते का नको होतं, ते मला तेव्हा समजलं नाही. रविवारची सकाळ होती. वर्सोव्याहून आणलेले बांगडे तुम्ही मोरीशी बसून साफ करत होतात, आई वाटप वाटत होती. "खूळ लागलां काय गो तुका?" एवढंच म्हणालात आणि मान खाली घालून पुन्हा सुरी चालवायला लागलात. आई म्हणाली, "अहो, पोरगी काय विचारतेय?" तुम्ही म्हणालात, "बांगडे ताजे आसत." मला वाटलं, मुलगी म्हणून नको म्हणताय. मी रागारागाने जेवले नाही, आणि बांगड्याचं तिखलं सोडून उठणं म्हणजे आमच्या घरात केवढी गोष्ट होती ते तुम्हाला माहीत आहे. पुढे फॉर्मवर सही केलीत. वर्ग सुरू व्हायच्या आदल्या संध्याकाळी एक खोका माझ्यासमोर ठेवलात. पुढे लोखंडी टोपी असलेले काळे बूट, माझ्या मापाचे. त्या मापाचे तसले बूट बायकांसाठी कुठे मिळत नव्हते, कुठल्या कुठल्या दुकानांत तुम्ही फिरलात ते तुम्ही सांगितलं नाहीत. फक्त म्हणालात, "घालून चालून दाखव." मी स्वयंपाकघरापासून गॅलरीपर्यंत चालून दाखवलं. तुम्ही वाकून अंगठ्याने टोपी दाबून बघितलीत, चवडा नीट बसलाय ना म्हणून. तेवढंच तुमचं बोलणं.

मग माझी नोकरी लागली आणि सकाळच्या शिफ्टवरून मी परत यायचे तेव्हा तुम्ही गॅलरीत उभे असायचात. मला पाहिलं की आत जायचात. मला त्याची चीड यायची. वाटायचं, माझ्यावर यांचा भरवसा नाही.

तर परवा. ती एका वस्तीवर गेली होती, खुब्याचं हाड मोडलेल्या एका म्हाताऱ्याला आणायला. तिचं विमान कुठे आहे ते मला मोबाइलवर दिसतं, नकाशावर एक निळा ठिपका. दुपारी मी वर्ग संपवून घरी आले आणि सवयीने बघितलं. ठिपका नदीपात्रावर थांबलेला. चहा झाला, पुन्हा बघितलं. तिथेच. तुमचे जावई म्हणाले, "अगं, पेशंटला चढवायला वेळ लागतो." अंधार पडला की तिथून उडता येत नाही, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. संस्थेत फोन केला. तिथला इंजिनिअर म्हणाला, "मॅडम, सॅटेलाइट फोन लागत नाहीये. उन्हात कधी कधी बंद पडतो." मग म्हणाला, "उतरताना विमान आदळलं असतं तर धोक्याचा सिग्नल आपोआप आला असता. तो आलेला नाही." हे वाक्य मी स्वतः वैमानिकांच्या किती आयांना सांगितलं होतं तिथे असताना. ऐकणाऱ्याला त्याचा काडीचा उपयोग होत नाही. मी भात लावला, धुतलेली भांडी परत धुतली. डोक्यात एकच. मोठा टायर घेऊ दिला असता तर दगडावरून गेला असता. लहानच ठेवला असता तर ब्रेकने थांबला असता. मधला मी निवडला. ती रात्र कशी गेली ते लिहीत नाही. सकाळी इन्स्टिट्यूटला कळवलं की येत नाही, आणि मोबाइल हातात धरून गॅलरीत उभी राहिले. खाली भाजीवाला, शाळेची बस, सगळं चाललेलं. आणि तिथे उभं असतानाच ठिपका हलला. आधी थोडा, मग सरळ दक्षिणेकडे.

दुपारी तिचा फोन आला. हॉस्पिटलच्या गावी पक्क्या धावपट्टीवर उतरली होती, म्हाताऱ्याला आत नेलं होतं, आणि ही कुठल्याशा टपरीवर चहा पीत होती. "सॉरी आई, वाट लागली होती सगळी. फोन रात्रीसुद्धा चालू झाला नाही." तिथली वाळू मऊ असते म्हणून निघण्यापूर्वीच तिने हवा जरा कमी केली होती. उतरून धावत असताना समोर शेळ्यांचा कळप आला. तिने कचकन ब्रेक दाबला. शेळ्या वाचल्या, विमान सरळ थांबलं. म्हाताऱ्याला चढवलं, नर्स बसली, सूर्य कलायला आलेला, सगळे म्हणताहेत निघा निघा. तिने खाली उतरून विमानाभोवती एक फेरी मारली. टायरवर आणि रिमवर मिळून आपण पांढऱ्या रंगाची एक आडवी रेघ मारतो, तुम्हाला सांगायला नको. डाव्या चाकाची रेघ तुटली होती. हवा कमी, त्यात ब्रेकचा झटका, म्हणून टायर रिमवर दोन बोटं सरकला होता आणि आतल्या ट्यूबचा व्हॉल्व्ह मान वाकडी करून उभा होता. हवा अजून होती. वर वर बघणाऱ्याला काही दिसलं नसतं.

"मग?" मी विचारलं.

"मग काय, नाही म्हटलं. म्हाताऱ्याचा मुलगा जाम चिडला. म्हणाला, चाकात हवा आहे तर तू का बसून आहेस? नर्सपण म्हणाली, जाऊया ना. मी म्हटलं, हा व्हॉल्व्ह धावताना फाटला तर आपण सगळेच विमानासकट उलटू. तुझ्या बाबांना वेदना आहेत, पण नर्सकडे इंजेक्शन आहे. माझ्याकडे दुसरं विमान नाही."

म्हाताऱ्याला परत खाटेवर नेलं. पहाट फुटल्यावर वस्तीतल्या लोकांनी पंख उचलून धरला, आसाखाली लाकडं रचली. तिने सगळी हवा सोडली, चाक उघडलं, नवी ट्यूब घातली, आतून हात फिरवून बाभळीचे काटे काढले आणि सायकलच्या पंपाने हवा भरली. पंप मारला तो चिडलेल्या मुलानेच. नवी रेघ मारायला रंग नव्हता, तर कुणीतरी चुन्यासारखी पांढरी माती कालवून आणली. संध्याकाळी विमान परतल्यावर इंजिनिअरने मला फोनवर सांगितलं, "टायर एकदम ठीक आहे मॅडम. साइडवॉलला चीर नाही. मोठा असता तर त्या ब्रेकवर थांबलाच नसता, कळपात घुसला असता." मी त्याला म्हटलं, "आता वाळूतसुद्धा हवा ठरल्यापेक्षा खाली न्यायची नाही, असं तिला बजाव. आणि विमान उभं असेल तेव्हा चाकांवर कापड टाकायला सांग, तिथलं ऊन रबर खातं." माझा आवाज अगदी वर्गातल्यासारखा होता. फोन ठेवल्यावर तुमच्या जावयांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि आम्ही दोघांनी आदल्या रात्रीचा उरलेला भात फोडणीला टाकून खाल्ला. इतका चांगला भात मी बऱ्याच दिवसांत खाल्ला नव्हता.

बाबा, तुम्ही गॅलरीत का उभे राहायचात ते काल समजलं. भरवशाचा त्याच्याशी काही संबंध नसतो. ती उत्तम वैमानिक आहे, माझ्यापेक्षा शांत डोक्याची, आणि पुढच्या आठवड्यात ती पुन्हा तिथेच जाईल. मी जाऊ देईन. आज मन हलकं आहे, म्हणून बसून एवढं लिहिलं. हे कुठे पाठवायचं नाही, कपाटातही ठेवायचं नाही. ती दिवाळीला येईल तेव्हा सगळी कपाटं उचकते.

कारण एक गोष्ट तिला कळायला नको आहे. फोनवर तिने शेवटी विचारलं होतं, "आई, घाबरली होतीस का गं?" मी म्हटलं, "छे! मला माहीत होतं, काहीतरी टायरचंच असणार." खरं म्हणजे सकाळी ठिपका हलला तेव्हा मी बाथरूममध्ये जाऊन नळ पूर्ण सोडला आणि तोंडात पदर कोंबून रडले, बादली भरून वाहायला लागली तरी. हे तुमच्या जावयांनाही सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगते, तुम्ही कुणाला सांगणार नाही.