माझ्या आईचे शोकपत्रक गावाच्या भिंतीवर लावण्याबाबत

प्रति,
मा. भित्तिपत्रक परवाना अधिकारी,
नगरपालिका, तोर्रेमुता, दक्षिण इटली.

विषय : माझ्या आईचे शोकपत्रक लावू देण्याबाबत फेरविनंती.
संदर्भ : याच विषयावरील माझा पहिला अर्ज व त्यावरील आपला 'नामंजूर' शिक्का.

महोदय,

सविनय सादर करते की, मी लामारा ग्वेनेताद्झे, मूळची जॉर्जियाची. श्रीमती इमाकोलाता लोझुपोने या वृद्ध बाईंच्या घरी राहून मी त्यांची देखभाल करते. माझी आई वेनेरा गेल्या महिन्यात तिकडे वारली. बाईंना एकटे सोडता येत नसल्याने मला जाता आले नाही. दफन मी फोनवर पाहिले, मग बाईंचे सूप गरम केले. अद्याप मला रडू आलेले नाही.

१. "मयत व्यक्ती गावाच्या ओळखीची नाही," हे आपले कारण खरे आहे. परंतु गाव मयत व्यक्तीच्या ओळखीचे होते. बेकरीवाल्या फिलोमेना मावशींचा गुडघा कसा आहे, हे ती फोनवर आवर्जून विचारी. इथे भिंतीवर कोणाचे पत्रक लागले की मी तिला नाव वाचून दाखवी आणि ती तिकडे चर्चमध्ये मेणबत्ती लावी. महोदय, आपले वडील गेले तेव्हा त्यांच्यासाठीही लावली होती.

२. पत्रकावर शोकाच्या घराचा पत्ता लागतो. माझा पत्ता बाईंचाच असल्याने त्यांचे चिरंजीव रोझारिओ यांची संमती मागितली. ते म्हणाले, "अगं लामारा, गाव म्हणेल आमचीच आई गेली. ती खिडकीत बसून मटार सोलतेय आणि खाली लोक कॉफी घेऊन हजर." त्यांचे म्हणणे रास्त आहे. बाई मात्र आतून म्हणाल्या, "येऊ देत की. कोण कोण येतं, ते तरी कळेल." तरीही संमती मिळाली नाही.

३. दुःखाच्या घरी चूल पेटवायची नाही, शेजाऱ्यांनी कॉफी-जेवण आणायचे, ही इथली रीत मी पाळत आले आहे. अनेकांच्या दारी मी डबा नेला आहे. चर्चच्या गायनात मी उभी राहते, जत्रेत पास्ता वळते. झोप लागत नाही म्हणून गेले असता दवाखान्यातील डॉक्टरीणबाईंनी लोकांत मिसळायला सांगितले होते. मिसळले, आणि बरे वाटतही असे. परंतु पत्रकावाचून बाहेर कोणाला काही ठाऊक नाही, आणि आपले दुःख आपणच सांगत फिरणे इथे शोभत नाही. परवा मी नेहमीप्रमाणे गायले. फिलोमेना मावशी म्हणाल्या, "आज आवाज छान लागलाय हं तुझा."

४. 'आपले नवे शेजारी' या उपक्रमातील माझा हसरा फोटो आपल्याच कार्यालयाच्या भिंतीवर आहे. त्याला परवाना लागला नव्हता. तो काढून त्या जागेवर एक दिवस आईचे पत्रक लावावे. पत्ता म्हणून चौकातील कारंज्यासमोरचा बाक लिहावा. रोझारिओ त्या दिवशी दुपारी स्वतःच्या आईजवळ बसायला तयार आहेत.

मी त्या बाकावर बसेन. लोक रिकाम्या हातांनी आले तरी चालेल. कॉफी मीच थर्मासमधून नेईन. ती ओतून माझ्या हातात मात्र दुसऱ्या कोणीतरी द्यावी, एवढीच विनंती.

आपली नम्र, याच गावात राहणारी,
लामारा ग्वेनेताद्झे
दि. ९ नोव्हेंबर

सोबत : आईचा फोटो. (पाहून झाल्यावर परत मिळावा.)