गोळ्या कोणाच्या नावावर

सोलापूर, गुरुवार, रात्र

मुलाच्या कंपनीच्या विम्यातून नैराश्यावरच्या माझ्या गोळ्यांचा खर्च मिळू शकतो. पण मग आजाराचे नाव त्याला कळेल. म्हणून दरमहा पेन्शनमधून भरतो. जन्मभर तर्कशास्त्र शिकवले, त्यामुळे हे स्वतःला पटवणे सोपे गेले. परंतु औषधाच्या दुकानात रिकामी पट्टी दाखवून ‘पत्नीसाठी’ म्हणत आलो, ते कोणत्या तर्काने?

आज पत्नी, सुमन, सोबत होती. दुकानदाराने पट्टी पाहिली आणि आपुलकीने तिलाच विचारले, “काकू, आता मन रमतंय न्हवं? गोळ्या मधेच सोडू नका बरं का.”

माझी मान वर होईना. तिने एकदा पट्टीकडे, एकदा माझ्याकडे पाहिले. “रमतंय की. हे न चुकता आणतात ना माझ्यासाठी!”

घरी जेवणानंतर तिने पाण्याच्या पेल्याशेजारी ती पट्टी ठेवली.

“घ्या. औषध माझं आहे, गुण तुम्हाला येऊ दे.”

गोळी घेतली. माझा आजार तिच्या नावावर आणखी एक दिवसही ठेवणे अक्षम्य आहे. खरे सांगायला मुलाला फोन लावतो आहे.