वरून कोण, खालून कोण

सोमवार, ता. ९, सकाळी

प्रिय धाकट्या,

अनेक आशीर्वाद. तू, तुझी बायको आणि मुलं खुशाल असाल असं धरून चालतो. चौदा वर्षांत एकमेकांना पत्र नाही, त्यामुळे धरूनच चालावं लागतं. तुझा पत्ता तुझ्या मेहुण्याला विचारला. त्याने फोनवर दोनदा सांगितला आणि दोन्ही वेळा घराचा नंबर वेगळा. मी पाकिटावर दोन्ही लिहिलेत. पोस्टमन शिव्या देईल, देऊ दे. तुझ्या वहिनीचे गुडघे दुखतात. माझा खोकला आहेच. डावा डोळा गढूळ झालाय, डॉक्टर म्हणतात ऑपरेशन करा, मी म्हणतो हातातलं काम संपू दे.

काम असं आहे की वाचनालयाच्या सात खुर्च्या विणायला आल्यात. त्याच, आपण केलेल्या. तेव्हाच्या साहेबांच्या जागी आता एक बाई आहेत, पुस्तकवाल्या बाई म्हणतो मी त्यांना. बोलायला चांगल्या, पण एकेक नवीन काढतात. आता त्यांना प्रत्येक खुर्चीशेजारी एक छापील कार्ड ठेवायचंय, ही बैठक हाताने कशी विणली ते सांगणारं. तेही इंग्रजीत. इंग्रजीत लिहिणार कोण, तर आमची सून. तू तिला पाहिलेलं नाहीस. शाळेत इंग्रजी शिकवते, हुशार आहे, मनाने वाईट नाही. पण शनिवारपासून तिने माझं डोकं खाल्लंय.

तिने कार्डावर एक शब्द घातला. क्रिसक्रॉस.

मी विचारलं, याचा अर्थ काय? तिने जाडजूड कोश आणला, चष्मा लावला आणि वर्गात उभी असल्यासारखी सांगायला लागली. एकमेकींना पुन्हापुन्हा छेदत जाणाऱ्या रेषा म्हणजे क्रिसक्रॉस. जाळीला म्हणता येतं, जाळी करण्याच्या कृतीलाही म्हणता येतं, आणि एखादी वस्तू तशी दिसते असं सांगायलाही हाच शब्द. म्हणजे एकच नोकर, तीन घरची कामं. मी म्हटलं, उदाहरण दे. तर म्हणाली, "गावभर रस्ते क्रिसक्रॉस गेलेत." बरं. "विमानांच्या धुराने आभाळात क्रिसक्रॉस झालंय." बरं. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "म्हाताऱ्या माणसाचा चेहरा सुरकुत्यांनी क्रिसक्रॉस झालाय," आणि तुझी वहिनी स्वयंपाकघरातून हसली.

हसा. पण मला सांग, यात आपलं काम कुठे आलं? उभ्या पट्ट्या, त्यावर आडव्या, पुन्हा उभ्या, मग दुसऱ्या आडव्या त्यांच्यातून ओवून जोड्या करायच्या, आणि शेवटी दोन्ही बाजूंनी तिरप्या. सहा वेळा खुर्चीभोवती फिरायचं, बोटं सोलून घ्यायची. आणि कोश म्हणतो रेषा एकमेकींना छेदतात. रेषेला जाडी नसते, तिला काय, ती कुठूनही जाईल. वेताच्या पट्टीला वरून जावं लागतं नाहीतर खालून. आमचं सगळं काम तेवढंच आहे, वरून कोण आणि खालून कोण. हे त्या शब्दात नाही.

मी तिला तसं सांगितलं. ती म्हणाली, "बाबा, कार्डावर एवढं कोण वाचतंय?"

"बसणारा नाही वाचणार. विणणारा वाचेल."

"विणणारा आता उरलाय कोण, तुमच्याशिवाय?"

मी मान फिरवून पट्ट्या चाचपायला लागलो. ती बिचारी लगेच चहा करायला गेली. तिला काय माहीत.

मंगळवार, दुपारी

काल पत्र इथेच थांबलं, कारण पट्ट्या पाण्यात होत्या आणि जास्त भिजल्या की लिबलिबीत होतात. खरं म्हणजे त्या भिजून झाल्या होत्या. पण उठलो.

आज सून पुन्हा वही घेऊन आली. म्हणते, "ठीक आहे, तो शब्द पुरत नाही ना, मग तुम्ही सांगा. तिरपी पट्टी कोणाच्या वरून जाते, कोणाच्या खालून? मी दोन ओळी वाढवते." झालं. एवढे दिवस मी तिच्यावर करवादत होतो, आणि तिने सरळ विचारल्यावर मी पट्ट्या मोजायला लागलो. ती पेन धरून बसलेली. मी म्हटलं डोळा दुखतोय. ती म्हणाली, "डोळा दुखतो तर तोंडाने सांगा." या पोरीपुढे टिकाव लागणं कठीण आहे.

धाकट्या, खुर्च्या सात नाही, आठ आल्यात.

सात फाटक्या. आठवी धडधाकट आहे. मी पुस्तकवाल्या बाईंना म्हटलं, ही चुकून आली, परत न्या. त्या म्हणाल्या, "मुद्दाम पाठवली. बाकीच्या हिच्यासारख्या करा. या खुर्चीसाठी आमच्याकडे सकाळी भांडणं होतात, एक पेन्शनर तर दार उघडण्याआधी येऊन उभे राहतात." मी ती उलटी केली. खालच्या गाठी सगळ्या डावीकडे वळलेल्या. आपल्या घरात डावखुरा कोण, हे मला कोशात बघावं लागत नाही.

आठवतं तुला, त्या दिवशी तू दोन खुर्च्या केल्या होत्यास. एक टेम्पोत चढली होती. दुसरी मी सुरीने कापली. वाचनालयाचे साहेब दारात उभे होते, त्यांच्यासमोर. पाचव्या फेरीची, म्हणजे पहिली तिरपी पट्टी उभ्यांच्या वरूनच जाते, वडील तशीच घालायचे, तू उलटी घातलीस, असं मी म्हणालो. तू म्हणालास, "दादा, आधी खालची जोडी कशी बसलीय ते बघ, मग ठरव. नेहमी एकच नाही चालत." मी बघितलं नाही. साहेब ऐकत होते, आणि तू माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी लहान.

या सातही खुर्च्या एकाच ठिकाणी तुटल्यात. तिरपी पट्टी जोडीच्या कोपऱ्यात बसायला हवी, ती कडेवर घासत राहिली. चौदा वर्षं माणसं बसली, उठली, घासत राहिली. त्यातल्या सहा माझ्या आहेत. सातवी तू कापलेल्या जागी मी रागाने पुन्हा विणलेली. कापलेल्या जागी म्हणजे मी कापलेल्या. बघ, अजून हात तुझ्याकडेच बोट दाखवतो. खोडत नाही, राहू दे.

वडील चुकीचं शिकवत होते असं मला वाटत नाही. ते खालची जोडी नेहमी एकाच पद्धतीने घालायचे, म्हणून त्यांचं वरचं बरोबर यायचं. मी खालची कशीही घातली आणि वरचं तेवढं त्यांचं धरून बसलो. खुर्च्या आल्यापासून हे समजायला मला पाच दिवस लागले, आणि तू तेव्हा उभ्या उभ्या सांगितलं होतंस.

हे मी सुनेला सांगितलं. सगळं, सुरीसकट. वही मिटून ती ऐकत बसली. मग म्हणाली, "काका कुठे असतात?" मी गावाचं नाव सांगितलं. "म्हणजे गाडीने चार तास. आणि तुम्ही चार दिवस माझ्याशी एका शब्दावरून भांडताय?" तुझी वहिनी आतून म्हणाली, "चार दिवस नाही गं, चौदा वर्षं." दोघी एक झाल्या की घरात माझं काही खरं नाही.

बुधवार, पोस्टाची वेळ होत आलीय

लिहायचं तेच राहिलंय, म्हणून लवकर लिहितो.

सातही खुर्च्यांच्या चार फेऱ्या मी करून ठेवल्यात. पाचवी माझ्याच्याने घालवत नाही. तुझी खुर्ची समोर ठेवून तशीच उतरवून बघितली, दोन वेळा. एकदा बसली, एकदा कडेवर चढली. का बसली तेही समजलं नाही, का चढली तेही नाही. बोट फिरवलं की कळतं म्हणायचास तू. माझ्या बोटाला कळत नाही. कदाचित कधीच कळत नव्हतं, आणि मी पन्नास वर्षं लोकांना बसवत आलोय.

काम करायला ये असं मी लिहिणार होतो. म्हणजे डोळ्याचं कारण सांगून, थोरल्याला मदत म्हणून. ते लिहिलेला कागद फाडला. काम मी करीन. तू फक्त शिकव. शेजारी बसून सांग की दादा, इथे खालून, इथे वरून, आणि का. मी उलट बोलणार नाही. बोललो तर उठून जा, त्या वेळी गेलास तसा. पण या वेळी मी दारापर्यंत तुझ्यामागे येईन, तेव्हा आलो नाही.

पुस्तकवाल्या बाईंना खुर्च्या द्यायला मी शनिवार सांगितलाय. शनिवारपर्यंत नाही जमलं तर रविवारी ये, त्यांना मी काहीतरी सांगेन. त्यांचं काम होऊन गेल्यावर आलास तरी ये.

तुझ्या बायकोला आणि मुलांना आशीर्वाद. ते मागतील की नाही ठाऊक नाही, मी आपले पाठवतो.

चुकलेला,
आणि अजून तुझाच,
दादा