तारांची करकर

होनोलुलू, ३ मार्च १९७४

ती. पीलिपोमामांस मेलेआनाचा शि. सा. न. वि. वि.

तुम्ही शिकवलेलं गाणं आमच्या हुला नाचाच्या बाईंना वाजवून दाखवलं. त्या म्हणाल्या, गिटारच्या जाड तारांवर बोटं घसरली की उंदीर ओरडल्यासारखं होतं, नाचणाऱ्या मुली दचकतात. ईस्टरपर्यंत सुधार, नाहीतर दुसरी बघते. मी तारांना खोबरेल चोपडलं. करकर गेली, आवाजही गेला. आता जेवण गोड लागत नाही.

आई बरी आहे. पत्र का लिहीत नाही, ते तिलाच विचारा. लोभ असू द्यावा, आणि हसायचं तेवढं हसून घ्यावं.

आपली मेलेआना

मोलोकाई, ११ मार्च

चि. मेलेआनास अ. आ.

खोबरेल केसांना लावतात, बाई. तारा बदल. बोट ओढत नेऊ नकोस. आधी सरळ उचल, मग हलव. सूर संपायच्या आत पुढे पळायची तुला भारी घाई. आणि आपल्या घरच्या जुळणीत ढिल्या सोडलेल्या तारा न छेडताही घुमत राहतात, त्यांवर उजव्या तळव्याची कड अलगद टेकव. टेप पाठव, ऐकतो.

नाताळपासून तुझ्या आईची, हानाची एक ओळ नाही. आपली तारांची जुळणी तिने चर्चमधल्या परक्या माणसाला दाखवली, म्हणून मी बोललो. ती घराबाहेर द्यायची नसते, हे तुझ्या आईला मी सांगायला हवं? पण इतका राग? टपालवाला दिसला की उठतो, परत बसतो. तिला म्हणावं, भांड, पण लिही.

तुझा मामा

होनोलुलू, १८ मार्च

ती. मामांस शि. सा. न.

टेप सोबत आहे. स्वयंपाकघरात बसून वाजवलंय. बाईंनी ऐकून मान डोलावली, पण मला तुमचा कान हवा. आई रागावलेली नाही, कामात असते, एवढंच. कुठे करकर सापडली तर लगेच कळवावं.

मेलेआना

मोलोकाई, २५ मार्च

चि. मेलेआनास आशीर्वाद.

टेप पुन्हा पुन्हा ऐकली. करकर कुठेच नाही, शाब्बास. पण ती गेली म्हणून सुरांच्या मधलं सगळं ऐकू येतं. भिंतीपलीकडे हाना खोकते आहे. खोकून झाल्यावर श्वास घ्यायला तिला जेवढा वेळ लागतो, तेवढाच आमच्या बाबांना शेवटच्या वर्षी लागायचा. तिनेच तुला गप्प बसवलं असणार. आणि मी मूर्ख, इथे रुसून बसलो.

गुरुवारच्या विमानाने येतो. तिला आधी सांगू नकोस, घर झाडायला उठेल. ती जुळणी तिने सगळ्या बेटाला शिकवली तरी चालेल.

मामा