सुमनताईंचं हलकं काम

३ फेब्रुवारी, मंगळ.
वही दिवाळीत घेतली, उघडतोय आज. आळस, दुसरं काय. मधे इगतपुरीला एका ढाब्यावर होतो, मग कळवणला मित्राच्या टेम्पोवर, मग नुसताच. आता लिहायलाच हवं, कारण नवं काम ऐकून सगळे हसतात. नाशकात द्वारका चौकाजवळ एक फिजिओवाल्या मॅडम आहेत. कामावर दुखापत झालेली माणसं त्यांच्याकडे येतात. बरी झाली की पुढचा प्रश्न: आता कुठलं काम झेपेल? मी जागेवर जायचं. कोण काय उचलतं, ओढतं, ढकलतं ते स्प्रिंगकाट्याला लावायचं आणि कामाला नाव द्यायचं. बैठं, हलकं, मध्यम, जड. थोडक्यात भटकायचा पगार! आईला अजून पटलेलं नाही.

५ फेब्रु., गुरु.
दिंडोरी रोड, द्राक्षांचं पॅकिंग शेड. वाटेत स्ट्रॉबेरीवाल्याशी गप्पा, उशीर.
मॅडमकडे येणाऱ्या सुमनताई इथल्याच. गेल्या हंगामात थप्पी उतरवताना कंबर धरली. डॉक्टरांनी लिहून दिलंय, फक्त हलकं काम. मॅनेजरसाहेब म्हणाले, "हलकं असेल तर येऊ दे. नसेल तर माझ्याकडे जागा नाही."
टेबलावरचं काम बघितलं. घड धरायचा, कात्रीने खराब मणी काढायचे, घड डबीत. डबी काट्याला लावली, काटा जागचा हलेना. हलकं! लगेच ताईंना फोन. हसल्या की रडल्या कळलं नाही, मागे कुकरची शिट्टी.

६ फेब्रु.
गाढव मी. पाण्याची बाटली शेडमध्ये राहिली म्हणून परत गेलो, नाहीतर कळलंच नसतं. डब्यांनी कॅरेट भरलं की प्रत्येक बाई आपलं कॅरेट स्वतः उचलून पार टोकाच्या तोलकाट्यावर नेते. काल नेमकं तेव्हा मी बाहेर मोर बघत होतो.
"हमाल नाहीत?" विचारलं, तर अख्खी रांग हसली. रांगेत सगळ्यात जुन्या हिराआत्या. म्हणाल्या, "जिचं कॅरेट तिनंच न्यायचं. दुसरीचा हात लागला का मणी गळतो."
कॅरेट लावलं. मध्यमच्याही पुढे.

८ फेब्रु., रवि.
सुमनताईंच्या घरी. सगळं सांगितलं.
"हलकंच लिहा ना भाऊ. मी सांभाळून उचलीन."
हंडा उचलून दाखवायला गेल्या आणि अर्ध्यातच भिंतीला टेकल्या. चहा झाल्यावर म्हणाल्या, "घरात लय कंटाळा येतो. हात चालत्यात माझे. आन् त्या रांगेतल्या गप्पा पायजे मला."
मॅडमना फोन. "कागद बदलायचा नाही. काम बदलतं का बघ."
घरी येऊन पोटभर शेव खाल्ली. सुचलं काहीच नाही.

१० फेब्रु.
जेवणाच्या सुट्टीत रांगेपुढे विषय काढला. अर्धंच कॅरेट भरलं तर? "शी! लोक कामचुकार म्हणतील." ताईंचं दुसरीने नेलं तर? आत्यांचे डोळे. बरं, नको.
सुरगाण्याची मंगल, रांगेतली सगळ्यात धाकटी, भाकरी चावत म्हणाली, "चाकावर नेलं तर? रिकामं कॅरेट गाडीवर ठेवायचं, तिथंच भरायचं. तोलकाटा जमिनीलगत हाय, गाडीसकट चढंल. तिचं तीच नेईल, उचलायचंच नाय."
मी उडालोच! आत्या मात्र: "ढकललं म्हंजे नेलं का?"
मंगल: "आत्या, घरचं पाणी कसं आणता?"
"हंड्यांच्या गाडीवर, ढकलत."
"मग ते तुमचं पाणी नाय का?"
सगळ्या खो खो. आत्यांनी डोक्यावरची शेडची टोपी काढून टेबलावर आपटली. "चाकाच्या रांगेत मी उभी राहायची नाय." गेल्या निघून.
मॅनेजरसाहेब: "गुरुवारी करून दाखवा. जमलं तर बाई कामावर. गाडी मात्र तुमची तुम्ही बघा."

११ फेब्रु.
सातपूरच्या भंगारातून गाडी आणली. भरलं कॅरेट ठेवून काट्याने ओढली. हलकं. खरंखुरं हलकं! आनंदात मंगलला गाडीवर बसवून शेडभर फिरवलं. "आता मला पण लिहा, हलकी!" तिला काट्याला लावणार, तोच साहेबांचा ओरडा खाल्ला.
आत्या आज आल्याच नाहीत. त्यांची जागा रिकामी. सगळ्या तिकडेच बघत होत्या.

१२ फेब्रु., गुरु.
शेडच्या पायरीवर बसून लिहितोय. सुमनताई आल्यात, केसांत अबोली, टोपीखाली मावत नाही तरी. रांगेने ओवाळायचंच बाकी ठेवलंय. आणि गाडीचं चाक निखळलं! कालच्या फेऱ्यांनी असणार. सुताराला फोन लागत नाही. मॅनेजरसाहेब दारात, "काय हो काटेवाले, कशावर नेणार?" ताई हळूच म्हणतायत, "एकच कॅरेट उचलू का, भाऊ?" नाही म्हटलं. परत विचारतायत. परत नाही. साहेब घड्याळ बघतायत. मंगल चाकावर दगडाने ठोकतेय, उपयोग शून्य. आता साहेब म्हणाले की...
थांब. फाटकाबाहेर खडखड. पदर खोचून हिराआत्या, कुणीतरी कळवलेलं दिसतंय. पुढे ढकलतायत ती घरची हंड्यांची गाडी, अजून ओली. कॅरेट तिच्यात बसेल की नाही देव जाणे, आणि ओरडतायत, "ए काटेवाल्या, लिहितोस काय, फाटक उघड!"