दादानं नंबर घेतला नाही

रवि. १ फेब्रु.
सौंसरची महिन्याची ओपीडी. सकाळीच नागपूरहून निघालो. पांढुर्ण्याकडूनही पेशंट आले होते. दाराशी दादा, नेहमीसारखा वही घेऊन नंबर पुकारत. सख्खा मोठा भाऊ, पण ओपीडीत त्याच्याशी बोलायला वेळ कुठे. आज आवाज बारीक वाटला, चेहरा घामेजलेला. विचारलं तर, "पित्त उसळून राहिलं, काही नाही. तू पेशंट पाह्य." पाहिले. चहा न घेताच परत.

मंगळ. ३
गावाहून, रामाकोन्याहून, वहिनीचा फोन. दादा संत्र्याच्या बागेत कोसळला. दुपारी नागपूरला आमच्याच हॉस्पिटलात आणला. अँजिओग्राफी केली, तिन्ही रक्तवाहिन्या बंद होत आलेल्या. शिवाय एक झटका जुना, महिन्याभरापूर्वीचा. स्मिता माझ्याच हाताखाली तयार झालेली सर्जन. माझ्याकडे न बघता म्हणाली, "सर, हे कुणालाच कळलं नाही?" हृदय-छाती विभागाचा प्रमुख मी.

बुध. ४
वहिनीला विचारलं. जानेवारीच्या ओपीडीत झालं म्हणे. हॉलच्या मागे उलटी झाली, ओट्यावर टेकला, तोंडावर पाणी मारलं आणि पुन्हा नंबर पुकारायला उभा. मी आत. मध्ये फक्त पडदा.

दादावर चिडलो. सांगितलं का नाहीस? शांतपणे म्हणाला, "तूच त म्हणे, इथं घरचं कोणी नाही."

खरं आहे. पहिल्याच वर्षी त्यानं मामाला बिननंबरचं आत आणलं होतं आणि मी सगळ्या लाइनीसमोर त्याला झापलं होतं. मी विसरूनही गेलो. त्यानं अकरा वर्षं पाळलं.

मग नंबर तरी घ्यायचास.

"घेतला असता न. पण लोक दुरून दुरून येऊन बसून राह्यत. आपलं का, घरचं, केव्हाही होते."

बाथरूममध्ये जाऊन रडलो. या वयात, अॅप्रन घालून. बाहेर वॉर्डबॉय हाक मारत होता.

गुरु. ५
बायपास लागणार. हृदय फार दुबळं, धोका मोठा. रक्ताच्या माणसावर सुरी धरायची नाही, हे आयुष्यभर मीच पोरांना शिकवलं. स्मिता करते म्हणते. तिचा हात चांगला आहे, आता कदाचित माझ्यापेक्षाही. दादा ऐकत नाही. "साऱ्या तालुक्याले सांगतलं, माह्या भावाच्या हातात डोळे मिटून जा. आता मीच दुसऱ्याच्या हातात जाऊ?" मी रिपोर्ट चाळत बसलो.

शुक्र. ६, सकाळ
संमतीचा कागद. वर सर्जनचं नाव, खाली नातेवाइकाची सही. दोन्हीकडे एकच माणूस चालत नाही.

दादा वहिनीकडे बोट करून म्हणाला, "सही हे करन. तू डॉक्टर राह्य."

वहिनीनं पेन घेतलाच नाही. "भाऊजी, इतके वर्स तुम्ही त्यायचे डॉक्टरच होते. तेही नीट नाही. आज त भाऊ व्हा."

दादानं तिला गप्प केलं नाही. भिंतीकडे तोंड करून पडलाय. स्मिता दाराशी थांबली आहे. सातला आत घ्यायचंय, पावणेसात झाले. पेन माझ्याकडे. दोन्ही जागा कोऱ्या.